बोलावणं

माझ्या नवऱ्याने एका प्रतिस्पर्ध्याला बॉक्सिंगच्या रिंगमध्ये पहिल्याच फेरीत आडवा केला आणि तेव्हापासून आमच्या घरातले ग्लव्हज खुंटीवरच आहेत. "तुझ्यासमोर माझा पोरगा उभा करून त्याची वाट लावू का?" प्रत्येक कोच हेच विचारतो. त्या हरलेल्याला मात्र सारखी बोलावणी येतात. नव्या पोरांना सोपा विजय हवाच असतो.

काल तो घरी आला. "वहिनी, दादांच्या कृपेने चूल पेटतेय माझी," हे त्याने अडखळत तीनदा सांगितलं. बाळाला घ्यायला पुढे केलेले त्याचे हात थरथरत होते, म्हणून मी बाळ दिलंच नाही.

नवऱ्याने ते हात नीट पाहिले. तरी त्याला हळूच विचारलं,

 

"पडायचं कसं, ते मला शिकवशील?"