मेणाचा पाय

रेमेतमावशीनं खोक्यातून मेणाचे हात, पाय, डोळे काढून टेबलावर मांडले. संत रोकचा सण सोळा ऑगस्टला, म्हणजे झेंडावंदनाच्या दुसऱ्या दिवशी. मुरबाडजवळच्या त्या छोट्या चर्चचं शाळेच्या कालच्या पताकांवरच भागायचं. मावशी दर वर्षी वसईहून यायची. गिऱ्हाईकात ख्रिस्ती थोडे, आसपासच्या पाड्यांवरचेच फार. नवसाला कसली आलीय जात! जे दुखतं ते मेणाचं विकत घ्यायचं आणि संतापुढं ठेवायचं.

शहाण्णव साली धसईकडची सकुबाई पहिल्यांदा आली. तिला पाय हवा होता. उजवा.

“कुणासाठी गो?”

“नवऱ्यासाठी. कोंडू नाव त्याचा.”

“कधीपासून त्रास?”

“लगीन झाल्यापासून. सांजचा जास्ती.”

मावशीचा जीव कळवळला. तिचा नवरा साखरेच्या दुखण्यानं गेला होता, त्याचाही पाय सांज झाली की ठणकायचा. तिनं सकुबाईला मूर्तीपुढं नेलं. संत झगा वर करून मांडीवरची जखम दाखवत उभा होता.

“प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता यालाच गाठ आली बघ. रानात जाऊन पडला. एक कुत्रा रोज भाकर आणून द्यायचा.”

“कुत्र्याला कळतं,” सकुबाई म्हणाली. “मानसाला नाय.”

मग तिनं विचारलं, “हितं ठेवला का पाय संताचा झाला ना? परत नाय ना देत?”

“छे गो! देवाला दिलेलं कुणी परत मागतं?”

सकुबाईनं पाय ठेवला, डोळे मिटले आणि बराच वेळ हलली नाही.

पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. बरगडी दाबत हळूच खाली बसली. लावणीनं अंग धरलं असेल, मावशीला वाटलं.

“उतार नाही?”

“कसला उतार! वाढलाच.”

मावशी संतावरच चिडली. “ऐकू येत नाय का रे बाबा तुला?” असं त्याच्या तोंडावर बोलली. सकुबाईला पुन्हा उजवाच पाय दिला आणि शब्दही दिला, की रोज माळ जपताना कोंडूचं नाव घेईन. वर्षभर घेतलं. एक दिवस चुकला नाही. पोटच्या पोरासाठीही तिनं एवढं केलं नव्हतं.

अठ्ठ्याण्णवला सकुबाई झेंडूचा हार घेऊन आली. हार संताला घातला आणि सरळ टेबलाशी आली.

“ऐकला मावशी, तुमच्या संतानं.”

मावशीच्या डोळ्यांत पाणीच आलं. “चालतो आता नीट?”

“नाय. जेठात खडीच्या ट्रकाखाली आला. गुडघ्यापासून काढला पाय.”

“अगो बाई! मी तर रोज त्याचं नाव...”

“तुमचं उपकार हायेत.” सकुबाईनं वाकून नमस्कार केला. सरळ होताना तिला कळ आली, तशी ती टेबलाला धरून थांबली.

“आता खाटंवर बसून डाव्या पायानं लाथा घालतो,” ती म्हणाली. “यंदा डावा द्या.”