तीन तक्रारींचा नियम

दादा खुर्चीवर टेकायला तयार नव्हता. प्रोग्रामची नवी आवृत्ती सोडून आठवडा झाला आणि तक्रारींचं पान कोरं करकरीत. असं कधी झालंच नव्हतं. एरवी आवृत्ती सुटली की दुसऱ्या दिवशी लोक नावं ठेवायला हजर. या वेळी कुणी हूं नाही की चूं नाही. गडी हवेतच होता. खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घाल, असं बायको सांगून गेली होती. ते त्यानं आनंदाच्या भरात दोनदा घातलं.

प्रोग्राम त्याचा आणि त्याच्या धाकट्या बहिणीचा. नाव बोलका. ज्यांना दिसत नाही त्यांना कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं सगळं तो वाचून दाखवतो. फुकट आहे, कोड सगळ्यांना खुला आहे आणि हजारो लोक तो वापरतात. पहिली वापरणारी त्यांची मावशी. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन खोलीत ती ऑपरेटर आहे. कान असे तिखट की समोरचा माणूस आता रडणार का भांडणार, हे त्यानं तोंड उघडायच्या आत तिला कळतं.

त्या दुपारी तिचाच फोन आला आणि रंगाचा बेरंग झाला. टेलिफोन खोलीच्या मुख्य ऑपरेटरची जागा निघाली होती. अर्ज इंटरनेटवरच भरायचा, तोही पाच वाजायच्या आत. नाव, पत्ता, अनुभव, सगळं नीट भरून झालं. मग ‘आपल्या कामाविषयी लिहा’ अशी मोठी चौकट आली आणि बोलका मुका झाला. काय टाइप होतंय, कुठं चुकतंय, काही कळेना. या जागेची मावशी कित्येक वर्षं वाट बघत होती.

धाकटीनं चहा गार व्हायच्या आत चूक पकडली. ती नव्या आवृत्तीतच शिरली होती. लांब मजकूर लिहायच्या चौकटीत गेलं की आवाज बंद. तिनं दुरुस्ती केली, उलटसुलट तपासली आणि दादाकडे वळली.

“सोडू या,” ती म्हणाली. “आत्ता. सगळ्यांसाठी.”

दादा कुठला ऐकतोय. दुरुस्तीची आवृत्ती कधी सोडायची, याचा त्यांचा नियम ठरलेला होता. बाहेरच्या तीन जणांनी तीच तक्रार केली, तरच. घरच्यांची तक्रार धरायची नाही. नियम उगाच नव्हता. मागे एकदा अशीच घाईगर्दीत दुरुस्ती सोडली आणि दिवसभर सगळ्यांचाच आवाज गेला. लोकांनी दादाचा अगदी उद्धार केला. तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला होता. तो मावशीला म्हणाला, तुझ्यापुरती दुरुस्त प्रत पाठवतो, ती टाक, अर्ज भर आणि मोकळी हो. बाकीच्यांना कुणाला त्रास असता तर एव्हाना बोंब उठली असती.

मावशी नको म्हणाली. सगळ्यांना देणार असाल तर मलाही द्या, नाहीतर राहू दे.

झालं. धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. चार कधीच वाजून गेले होते. तिनं मावशीला विनवलं, लाडीगोडी लावली, शेवटी रागावून पाहिलं. दादा म्हणाला, हट्टालाही काही सुमार असतो. मावशी आपली थंड. सगळं ऐकून घेतलं आणि मग तिनं एवढंच विचारलं, की तुमच्याकडे तक्रार करायची झाली तर ती लिहायची कुठे?

“सोपं आहे गं,” दादा म्हणाला. “आपल्या पानावर जायचं, नाव टाकायचं. खाली मोठी चौकट आहे, तिच्यात...”

धाकटीनं कपाळावर हात मारला. दादानं कॉम्प्युटरचा पडदा बंद केला, कानाला हेडफोन लावले आणि बोलक्याच्या भरवशावर स्वतःच तक्रार लिहायला बसला. बोलक्यानं नाव विचारलं. ईमेल विचारला. मग चौकट आली आणि त्यानंतर नुसती शांतता. दादानं एक अख्खी ओळ टाइप केली, एक अक्षर ऐकू आलं नाही. आणि आठवडाभर हा बहाद्दर त्याच कोऱ्या पानावर नाचत होता.

“सोड,” तो म्हणाला. “बघतेस काय माझ्याकडे, सोड लवकर.”

मग काय धांदल उडाली, विचारू नका. धाकटीची बोटं नुसती पळत होती. दादा तिच्या मागे उभा राहून एकेक चाचणी मोठ्यानं मोजत होता. शेवटचं बटण दोघांनी मिळूनच दाबलं. थोड्याच वेळात मावशीच्या फोनमधून बोलक्याचा ओळखीचा आवाज आला आणि पाठोपाठ कीबोर्डची खडखड. इकडे तक्रारींचं पान भराभर भरू लागलं. अर्ध्या शिव्या, अर्धे आभार. दादा प्रत्येक शिवी बक्षीस मिळाल्यासारखी वाचून दाखवत होता. इतका आनंद त्याला कोऱ्या पानाचाही झाला नव्हता.

पाचाला थोडाच वेळ उरला असताना मावशी म्हणाली, गेला अर्ज. दोघांचा जीव भांड्यात पडला.

मग मात्र दादाला राहवेना. तुझ्यापुरती प्रत घेतली असतीस तर केव्हाच मोकळी झाली असतीस, तो म्हणाला. नियमासाठी नंतर भांडता आलं असतं. आम्हाला आणि स्वतःला असं टांगणीला का लावलंस?

मावशीनं आवाज एकदम खाली आणला.

“हळू बोल. या जागेसाठी आम्ही दोघी आहोत. दुसरी माझ्या शेजारीच बसते, तिलाही दिसत नाही, आणि ती अजून टाइप करतेय.”