ऐका निवांत

थोरल्या नातीचं लग्न झालं त्या वर्षी धाकटीनं नोकरी सोडली आणि मागच्या खोलीत कॉम्प्युटरवर स्वतःची गाणी बनवू लागली. आजवर एकच खपलं, तेही दवाखान्याला, फोन उचलेपर्यंत वाजवायला.

"पहिल्या ओळीलाच कुणीतरी हॅलो म्हणतं," ती वैतागायची. "माझं शेवटचं कडवं जगात कुणी ऐकलेलं नाही."

तिचे आजोबा हट्टाला पेटले. रोज जेवण झालं की घरच्या फोनवरून दवाखान्याचा नंबर लावायचे आणि तिकडून बाई बोलल्या की उखडायचे.

"अहो बाई, मधेच काय बोलता? नातीचं गाणं चाललंय."

"काका, इथं आजारी माणसांचे फोन येतात."

"मग त्यांचे घ्या की आधी. मला कुठं घाई आहे?"

शेवटी बाईंनी हात टेकले. "बरं, यापुढे तुमचा नंबर दिसला की मी उचलतच नाही. ऐका निवांत."



ह्यांच्या छातीत कळ आली तेव्हा मी घरच्या फोनवरून दवाखान्याला फोन लावला, पण तिकडून नुसतं गाणंच वाजत राहिलं; नऊ मार्चला दुपारी, शेवटचं कडवं चालू असताना, माझा नवरा गेला.