बारा मिनिटांचा दरवाजा

“लिही,” कुसुमताई म्हणाल्या. “महोदय, तुमच्या गेमचा चौथा भाग म्हणजे शुद्ध फसवणूक आहे.”

केतकीची बोटं लॅपटॉपवर थांबली. “आई, लाइट घे ना. गेमच आहे.”

“मी काही लाइट घेणार नाही. लिही.”

रविवारची दुपार. चिक्कडपल्लीतल्या त्या फ्लॅटमध्ये टीव्हीवर एक दीपगृह थिजून उभं होतं. कुसुमताईंच्या मांडीवर दोनशे पानी वही. छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या हाताने तिच्यात रकाने आखलेले होते: भाग, कोडं, सुरुवात, शेवट. गेल्या वर्षी ओळखीच्यांची नावं आठवेनाशी झाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, डोक्याला रोज काम द्या आणि किती वेळ लागला ते टिपून ठेवा. उद्या ती वही त्यांना दाखवायची होती.

“पहिला भाग. घंटांचा दरवाजा, नऊ दिवस. कणीक मळताना उलगडलं, की घंटा भरतीच्या वेळांप्रमाणे वाजवायच्यात. दुसरा भाग. आरशांची खोली, चार दिवस. सोपी होती, पण लबाड नव्हती. खूण समोरच होती, बघणारा पाहिजे. तिसरा. तराजूचं कोडं, अकरा दिवस. ते उगाचच अवघड. वजनांची खूण ज्या खोलीत ठेवली, तिथे परत जायची सोयच नाही. हे जरा रागावून लिही. आणि आता चौथा.” त्यांनी पान उलटलं. “बारा मिनिटं. त्यातली तीन चष्मा शोधण्यात गेली.”

केतकी हसली.

“हसू नकोस. ती मैना लिही.”

चौथ्या भागात खेळणाऱ्याच्या खांद्यावर एक मैना बसलेली असते. दरवाजासमोर येऊन जरा श्वास घ्यावा, तोच ती सांगते, डावीकडची कळ आधी ओढ.

“काचीगुड्याच्या देवळात बुवा कीर्तनाच्या पूर्वरंगात प्रश्न टाकतात. समोरच्या निम्म्या लोकांना आख्यान पाठ असतं. पण बुक्का लागून, हार घालून पुढचा रंग सुरू होईपर्यंत कुणी तोंड उघडतं का? त्या प्रश्नात बसून राहावं लागतं, तेव्हा कुठे पांडुरंग आत यायला वाट सापडते. आणि ही मेली मैना!”

केतकीने सगळं लिहिलं. मैनेला ‘मेली’ कसं म्हणायचं ते इंग्रजीत जमेना, ते सोडलं. मग ती म्हणाली, “तक्रारीच्या फॉर्ममध्ये शेवटी एक विचारलंय. कोणत्या लेव्हलवर खेळत होता?”

“लेव्हल? कसली लेव्हल?”

केतकीने गेमची सेटिंग उघडली.

“आई, हे ईझीवर आहे. मैनेच्या सूचनाही चालू आहेत. हे आपोआप होत नाही. कुणीतरी करावं लागतं.”

“मी नाही केलं.”

“मी पण नाही.”

दाराचं कुलूप फिरलं. केतकीचा भाऊ गिरीश दोन पिशव्या घेऊन आत आला. एकीतून अंबाडीची पानं बाहेर डोकावत होती. त्याने टीव्हीकडे पाहिलं आणि चपला न काढताच उभा राहिला.

“गिरीश,” कुसुमताई म्हणाल्या. मागच्या बाकावरच्याला उभं करावं तशा.

“आई, तिसऱ्या भागात अकरा दिवस तू जेवतानासुद्धा त्या तराजूतच होतीस. घास हातातच राहायचा तुझा. मला बघवेना.”

“मी रडले होते?”

“नाही.”

“सोडवून दे म्हणाले होते?”

“नाही. पण मला वाटलं, ह्या वेळी तुला जमलंच नाही तर...”

त्याने दोन्ही पिशव्या एका हातात घेतल्या.

“अकरा दिवस मी सुखात होते रे,” कुसुमताई म्हणाल्या. आवाज बारीक झाला, मग चढला. “ही वही बघ. उद्या डॉक्टर म्हणतील, वा, बारा मिनिटं! मी काय सांगू, ती कुणाची आहेत? माझं डोकं चालतंय की थांबलंय, एवढं तरी मला कळू देशील की नाही? का तेही तूच ठरवणार?”

पिशवीतली अंबाडीची एक जुडी खाली घसरली. गिरीशने ती उचलली नाही.

“पत्राचं काय करू?” केतकीने हळूच विचारलं.

“तराजूचं तेवढं पाठव. बाकीचं ह्याला वाचून दाखव.”

कुसुमताईंनी पट्टी लावून बारा मिनिटांवर आडवी रेघ मारली. एकच, सरळ.

“अवघडवर टाक. मैना बंद. पुढचा दरवाजा.”

पुढचा दरवाजा उघड्या समुद्राकडे पाठ करून उभा होता. त्यावर सात शिंपले, त्यातले दोन उलटे. मैना खडकावर बसली होती, चोच मिटून. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत राहिला. कुसुमताईंनी एक शिंपला फिरवला, परत होता तसा केला.

गिरीशने हा भाग गेल्याच महिन्यात संपवला होता. तो सोफ्याच्या मागे येऊन उभा राहिला. त्याने तोंड उघडलं.

कुसुमताईंनी मागे न बघता हात वर केला.

“केतकी, लिही. शिंपल्यांचा दरवाजा. सुरुवात, चार वाजून दहा मिनिटं.”

केतकीने वही ओढून घेतली आणि लिहिलं.

“आणि शेवट?” गिरीशने विचारलं.

“ती जागा रिकामी ठेव.”