ताटात परत ठेवलेला नारळ

दोन हजार तीनच्या दसऱ्याला रामकुंडाजवळ सकाळपासून गाड्या पुजून वामनगुरुजींची कंबर भरून आली होती. आता कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाची नवी बाईक समोर आली. वडिलांनी चाकाखाली लिंबू ठेवलं. गुरुजींनी भीतभीत विचारलं, “हेल्मेट?” “तुम्ही पूजा केल्यावर हेल्मेट कशाला, गुरुजी?” वडील हसले. गेल्या दसऱ्यालाही एक बाप असाच हसला होता, आणि गुरुजींनी ओशाळून नारळ फोडला होता. आज त्यांनी उचललेला नारळ ताटात परत ठेवला. “आधी हेल्मेट आणा.” वडील वैतागले. “मग दुसरे गुरुजी बघतो!” “बघा,” गुरुजी थकल्या आवाजात म्हणाले. “पण गेल्या वर्षी मी पुजलेल्या बाईकवरच्या पोराचा दहावाही मीच केला. पुन्हा नाही जमायचं.” मुलाने चावी काढली, नारळाशेजारी ठेवली आणि तो हेल्मेट आणायला मेनरोडकडे चालत निघाला.