अक्षरांचा विटाळ

लालबागच्या शाळेत जाईबाई नऊ वर्षांच्या हिराचं नाव घालायला आली, तसा नवरा दौलतही मागोमाग आला. त्याच्या पंथात मुलींना अक्षरांचा विटाळ होतो, असं मानत. उद्या तो लेकीला गुरूंच्या मठात कायमची सोडणार होता. "पोर माझी, मी ठरवीन!" तो म्हणाला. "पोर म्हणजे दावणीचं वासरू नव्हे," हेडबाई म्हणाल्या. "शिक्षण कायद्यानं सक्तीचं आहे." "तिला काय डोंबल कळणार?" दौलत ओरडला. हिरा आईचा हात सोडून खिडकीतून गिरणीच्या भिंतीवरचं वाचू लागली, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" "मोर्च्यात ऐकून पाठ झालंय," दौलत हसला. हेडबाईंनी वहीत पेन्सिलीनं दोन अक्षरं लिहून तिच्यापुढे धरली. हिरानं पुन्हा भिंतीकडे पाहिलं. "पाहिजेतला हि, महाराष्ट्रातला रा… आये, माझं नाव!" "बाई," दौलतकडे न बघता जाईबाई म्हणाली, "आता पटावर शाईनं लिहा!"