धुऱ्यापलीकडची वांगी

पाहुण्यांनी भरीत पुन्हा मागून घेतलं आणि देवाजीला आभाळ ठेंगणं झालं. पारशिवनीच्या त्याच्या वावरात आंब्याखाली पंगत बसली होती, बाजूला तुराट्यांच्या जाळात वांगी भाजत होती आणि वाढायला खुद्द त्याची लेक प्रेमिला. पोरगी नागपूरच्या चांगल्या घरी पडावी, एवढंच त्याच्या जिवाला लागलं होतं.

नागपुरातल्या नंदनवनहून आलेले मुलाचे वडील, धोंडबा, बोटं चाटत म्हणाले, "इवाई, आमाले पोरगी पसंत हाय."

इवाई! सकाळी जयभीम केल्यापासून नुसतं 'देवाजीभाऊ' चाललं होतं. आता थेट व्याही! देवाजीचा आनंद पोटात मावेना. त्याची बायको कांताबाई तर अशी हरखली, की नको नको म्हणणाऱ्यांच्या ताटातही भरीत वाढत सुटली.

"पण एक अट हाय बरं," मुलाची आई अंजनाबाई म्हणाल्या.

देवाजी पाण्याचा तांब्या घेऊन जागीच थांबला.

"ह्या वांग्याचं टोपलं भरून द्या. नागपुरात अशी चव नाई भेटत."

"टोपलं काय, बैलबंडी भरून देतो!" देवाजीनं टोपलं उचललं आणि तो स्वतःच पळत सुटला.

वाटेत दोन्ही बाजूंना त्याचीच वांगी लागली होती. जांभळी, चकचकीत, कुठे किडीचं नाव नाही. परवाच त्यानं नवा पंप पाठीला लावून सगळं वावर औषधानं धुऊन काढलं होतं. उद्या हा माल नागपूरला, जरीपटक्याच्या बाजारात जायचा होता. त्याच्याकडे ढुंकूनही न बघता तो धुऱ्याचा बांध ओलांडून शेजारच्या लहानूच्या वाफ्यात शिरला. लहानू झाडांवर राख उधळायचा, अळ्या हातानं वेचायचा. सारं गाव त्याला हसायचं, देवाजी सगळ्यांत जास्त. पण पंप आल्यापासून देवाजीच्या घरची भाजी लहानूच्याच वाफ्यातून यायची. आजची वांगीसुद्धा तिथलीच.

"तिकडं काहून चाल्ले जी?" मागून अंजनाबाईंचा आवाज आला. त्याही हौसेनं वांगी तोडायला आल्या होत्या. "इथं तं केवढे मोठाले लागून रायले!"

"ते नोका तोडू!" देवाजी आनंदाच्या भरात ओरडला. "ते बजारात इकाले हायेत. घरी खाले इकडचे."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. तोंडावरचं हसू तसंच राहिलं.

अंजनाबाईंनी वांग्याला लावलेला हात काढून घेतला आणि पदराला पुसला. आंब्याखाली प्रेमिला कशाला तरी खळखळून हसत होती. त्यांनी तिकडे पाहिलं, मग देवाजीकडे.

"इवाई," त्या हळूच म्हणाल्या, "आमी तं बजारातूनच इकत घेतो. प्रेमिलाबी आता तेच खाईन."